चित्रातले शहर आणि इतिहासातले शहर
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



भूगोलाच्या तासाला खेळता येईल असा एक सोपा खेळ आहे. शिक्षकांनी युरोपातील एखाद्या शहराचे चित्र नाव झाकून दाखवावे आणि विद्यार्थ्यांनी ते शहर ओळखावे. नाव बरोबर आले की खेळ संपला, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः अभ्यासाला खरी सुरुवात तेथून होते. तर्क चुकला तर तो का चुकला, याचा शोध घेताना जो इतिहास हाती लागतो, तो पाठांतराने सहसा लागत नाही.

पहिले चित्र घ्यावे ते एका नदीकाठच्या बागेचे. झाडांच्या सावलीत खांबांवर पेललेली घुमटाकार छत्री आहे आणि तिच्याखाली भारतीय वेशातील एका तरुणाचा अर्धपुतळा. विद्यार्थी जयपूर म्हणतील, ग्वाल्हेर म्हणतील. ते शहर आहे इटलीतील फ्लॉरेन्स. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे विशीचे. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि १८७४ मध्ये त्या जागी ही छत्री उभी राहिली. पुढे जवळच आर्नोवर जो पूल बांधला गेला, त्यालाही या स्मारकावरूनच ‘भारतीयाचा पूल’ अशा अर्थाचे नाव मिळाले. महाराजांनी प्रवासात लिहिलेली रोजनिशी १८७२ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाली. ती लिहिली गेली आणि जपली गेली, म्हणूनच त्या पुतळ्यातील तरुणाने युरोप कसा पाहिला हे आज कळू शकते.

दुसऱ्या चित्रात पाण्याच्या कडेला उंच, अरुंद घरे दाटीने उभी आहेत. त्यांचे दर्शनी माथे पायऱ्यापायऱ्यांनी निमुळते होत गेलेले. बहुतेक जण ॲमस्टरडॅम म्हणतील. उत्तर आहे पोलंडमधील ग्दान्स्क. मात्र हा चुकलेला तर्क निराधार नाही. व्हिस्टुला नदीतून येणारे पोलंडचे धान्य याच बंदरातून ॲमस्टरडॅमकडे जात असे. त्या व्यापाबरोबर नेदरलँड्समधील स्थपती येथे आले आणि त्यांच्याबरोबर त्यांची बांधणीही आली. हेच शहर जर्मन भाषेत डांझिग म्हणून ओळखले जाई. त्याच्या ताब्यावरून तंटे झाले आणि १ सप्टेंबर १९३९ रोजी दुसऱ्या महायुद्धाचे पहिले तोफगोळे येथेच सुटले. १९४५ मध्ये जुने शहर जवळजवळ बेचिराख झाले. चित्रातील कित्येक ‘जुनी’ घरे त्यानंतर पुन्हा बांधलेली आहेत.

तिसरे चित्र वॉर्साच्या जुन्या शहरातील चौकाचे. घरांचे रंग आणि नक्षी पाहून कोणीही त्यांचे वय दोन-तीनशे वर्षे सांगेल. प्रत्यक्षात १९४४ च्या उठावानंतर नाझी सैन्याने वॉर्साच्या ऐतिहासिक भागाचा ८५ टक्क्यांहून अधिक हिस्सा जमीनदोस्त केला होता. आज दिसतो तो चौक युद्धानंतर उभारलेला आहे. हे काम कशाच्या आधाराने झाले? एक आधार होता बर्नार्दो बेलोत्तो या अठराव्या शतकातील दरबारी चित्रकाराने बारकाईने रेखाटलेल्या रस्त्यांच्या चित्रांचा. दुसरा आधार अधिक विचार करायला लावणारा आहे. युद्धापूर्वी वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जुन्या इमारतींची मापे घेऊन आराखडे काढले होते. तो त्यांच्या नित्याच्या अभ्यासाचा भाग होता. शत्रूच्या अमलात ते आराखडे लपवून सांभाळले गेले आणि त्यांचा आधार घेऊन शहर पुन्हा उभे राहिले. १९८० मध्ये युनेस्कोने हा भाग जागतिक वारसा म्हणून स्वीकारला.

तरीही चित्रात एक गोष्ट दिसत नाही. युद्धापूर्वी वॉर्साच्या लोकसंख्येपैकी सुमारे एक तृतीयांश लोक ज्यू होते. घरे पुन्हा बांधता आली. ती माणसे परत आणता आली नाहीत. म्हणून चित्र ओळखल्यावर विद्यार्थ्यांना आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : या चित्रात कोण नाही?

या तिन्ही शहरांच्या कथांतून एकच गोष्ट स्पष्ट होते. दगडमाती एकटी इतिहास सांगत नाही. कोणीतरी वेळेवर केलेली नोंद तिच्या मदतीला यावी लागते. मग ती राजाची रोजनिशी असो वा विद्यार्थ्याचा आराखडा.

महाराष्ट्रापासून दूर, परभाषिक प्रांतात साठ वर्षे चाललेल्या मराठी शाळेला ही गोष्ट अधिकच लागू पडते. येथे शिकलेली मुले देशोदेशी विखुरतात. शाळेची छायाचित्रे घरोघरच्या कपाटांत पडून असतात : वर्गाचे, स्नेहसंमेलनाचे, झेंडावंदनाचे. त्यांतील चेहरे ओळखणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. आणखी तीस वर्षांनी एखादे नातवंड ते छायाचित्र हाती घेईल, तेव्हा त्याच्यापुढे नाव झाकलेल्या शहराच्या चित्रासारखेच एक कोडे असेल. फरक इतकाच की उत्तर सांगणारे कोणी उरलेले नसेल.

तेव्हा माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एवढीच विनंती. आज घरी गेल्यावर एक जुने छायाचित्र काढावे. मागच्या बाजूस पेन्सिलीने वर्ष, इयत्ता, आठवतील तेवढी नावे आणि जे तेथे नाहीत त्यांचीही नावे लिहावीत. मराठीत लिहावीत. आणि त्याची एक प्रत शाळेकडे पाठवावी. हीरक महोत्सवाची याहून टिकाऊ आठवण क्वचितच दुसरी असेल.