पाण्याखालची दुसरी इयत्ता

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांच्या पंगतीला समुद्राखालचे शिक्षण बसलेले पाहून काहींना नवल वाटले असेल. परंतु आपल्या घरांतील मुलेमुली आता सुटीत अंदमानला किंवा लक्षद्वीपला जातात, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरतात आणि तीनचार दिवसांत स्कूबाचे प्राथमिक प्रमाणपत्र घेऊन येतात. पुढच्या सुटीत ‘ॲडव्हान्स्ड’ वर्गाचा हट्ट सुरू होतो. होकार द्यावा की नाही, असा प्रश्न मग आईवडिलांपुढे उभा राहतो. त्याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

या दोन इयत्तांतील अंतर प्रथम पाहू. ‘पाडी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीत पहिल्या वर्गात समुद्रातील चार बुड्या असतात व १८ मीटरपर्यंत उतरण्याची मुभा मिळते. दुसऱ्या वर्गात आणखी पाच बुड्या असतात. त्यांपैकी खोल पाण्याची आणि दिशाशोधनाची या दोन सक्तीच्या. रात्रीची, बुडालेल्या जहाजाची, तरंगण्यावरील ताब्याची अशांतून उरलेल्या तीन निवडावयाच्या. यानंतर मर्यादा ३० मीटर होते, म्हणजे जवळजवळ दहा मजली इमारतीची उंची.

आकडा वाढला म्हणजे विद्या वाढली, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः खोलीबरोबर सवलती कमी होत जातात. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो आणि प्रत्येक श्वासाला चौपट हवा खर्ची पडते. दहा मीटरवर जी टाकी चाळीस मिनिटे पुरते, ती तितक्याच शांत श्वासाने तेथे वीसच मिनिटे पुरेल. शिवाय दाबाखाली नत्रवायू रक्तात व शरीरात मुरतो. त्याला सावकाश बाहेर पडू द्यावे लागते, हे हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९०८ साली कोष्टके मांडून दाखविले. आज प्रचलित असलेल्या पाडीच्या कोष्टकात पहिल्या बुडीला १८ मीटरवर ५६ मिनिटे मिळतात, ३० मीटरवर अवघी २०. वर येतानाही घाई चालत नाही. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावयाचे, आणि श्वास कदापि रोखावयाचा नाही. कारण दाब उतरताच छातीतील हवा फुगते व फुप्फुसांना इजा करते.

त्या खोलीवर नत्रवायूची गुंगीही येऊ लागते. काही शिक्षक पाटीवर साधी बेरीज किनाऱ्यावर करून घेतात आणि तशीच खाली करावयास लावतात. लागलेला वेळ पाहून विद्यार्थी स्वतःच उमजतो. तांबडे फडके काळसर दिसते, आणि विजेरी लावताच पुन्हा तांबडे होते. आपली बुद्धी व डोळे या दोहोंवर तेथे पूर्वीइतका भरवसा ठेवता येत नाही, हाच खोल बुडीचा धडा होय.

दिशाशोधनाचा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. पहिल्या वर्गात विद्यार्थी बहुधा शिक्षकाच्या मागोमाग पोहतो. येथे होकायंत्र त्याच्या हाती येते. ६० अंशांच्या रोखाने निघाला असेल तर २४० अंशांवर परतावयाचे. पायांचे फटकारे मोजून अंतर ठरवावयाचे. जोडीदाराला नजरेआड होऊ द्यावयाचे नाही. सावध पाणबुडे हवेचे तीन वाटे करतात: एक जाण्यास, एक येण्यास, एक अडीअडचणीस राखीव. पहिला वाटा सरला की समोर कितीही मोठा कासव दिसो, मागे फिरावयाचे.

आता अडचणीचा मुद्दा. चार आणि पाच मिळून नऊ बुड्या होतात. म्हणजे उभ्या आयुष्यात नऊच वेळा समुद्रात उतरलेला मुलगा ३० मीटरचे प्रमाणपत्र खिशात घालून फिरू शकतो. नियमाला ते मंजूर आहे; समुद्राला मंजूर असेलच असे नाही. म्हणून माझे सांगणे असे की, या वर्गाला नाही म्हणू नका. परंतु दोन वर्गांच्या मध्ये दहापंधरा साध्या बुड्या होऊ द्या. अंदमानात स्वराजद्वीपाच्या (२०१८ पर्यंतचे हॅवलॉक) उथळ प्रवाळांवर त्या आनंदाने होतात. कान, दमा, हृदय यांची वैद्यकीय तपासणी करून घ्या. एका शिक्षकामागे किती विद्यार्थी आहेत, हे संकोच न करता विचारा. आणि परतीचे विमान शेवटच्या बुडीनंतर किमान १८ तासांनीच असू द्या.

आपण सारे घरापासून दूर आलेली माणसे आहोत. दूर जाणाऱ्यांना अडविणे आपल्याला शोभणार नाही. ‘किती खोल गेलास?’ असे मुलांना विचारण्याऐवजी ‘कोठून मागे फिरलास?’ असे विचारण्याची सवय मात्र आपण लावून घेऊ या.