गाडी कां लागते?

कशेडीचा घाट ज्यांनीं एस. टी.च्या गाडींतून ओलांडला आहे, त्यांना ‘गाडी लागणें’ या शब्दांचा अर्थ कोशांत पाहावा लागत नाहीं. पोलादपूर मागें पडतें, चढण सुरू होते, आणि पांचसहा वळणें गेलीं न गेलीं तोंच कोणाचें तरी बोलणें एकाएकीं थांबतें. चेहरा पांढरा पडतो. शेजारीण खिडकी मोकळी करून देते. मग कोणी तरी हमखास म्हणतो, “नाजूक प्रकृति, दुसरें काय!” हा शेरा अन्यायाचा आहे. तो कसा, हें परदेशांतील एका बंद पडलेल्या खेळाच्या आधारें सांगण्याचा आज माझा विचार आहे.

अमेरिकेंत फ्लॉरिडा येथें डिस्ने कंपनीचें एप्कॉट नांवाचें विस्तीर्ण क्रीडोद्यान आहे. तेथील आरोग्यविषयक दालनांत १९८९ सालीं ‘बॉडी वॉर्स’ हा खेळ सुरू झाला. चाळीस माणसांना एका बंद यानांत बसवून पट्टे बांधीत. यानासह आपण सूक्ष्म होऊन एका मनुष्याच्या शरीरांत शिरलों आहों, अशी त्यांतील कल्पना. त्वचेंत रुतलेल्या कुसळाजवळ पांढऱ्या पेशींचें निरीक्षण करणारी एक शास्त्रज्ञ स्त्री रक्ताच्या ओघांत वाहून जाते. तिच्या शोधार्थ यान हृदय, फुप्फुसें व मेंदू येथवर पोंचतें. हा सारा प्रवास पडद्यावरील चित्रपटांत घडे. खालचें यंत्र यानाला त्या चित्राबरहुकूम झुकवी आणि हिसके देई. यान दालनाबाहेर कधींच गेलें नाहीं. तरी त्यांतून उतरणाऱ्या कित्येकांना मळमळून येई, आणि हा खेळ त्याबद्दलच विशेष गाजला. १ जानेवारी २००७ रोजीं तो दालनासह बंद झाला.

शरीराचें दर्शन घडविणाऱ्या या यानांत प्रेक्षकांना स्वतःच्या शरीराची जी ओळख पटली, ती पडद्यावर नव्हती; ती त्यांच्या कानांत होती. अंतःकर्णांत ऐकण्याच्या इंद्रियाशेजारीं तोल राखणारें दुसरें इंद्रिय आहे. तीन दिशांना वळलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका, आणि त्यांत द्रव. डोकें वळलें कीं नलिका वळते, द्रव क्षणभर मागें राहतो, आणि त्या ओढीनें वाकलेले सूक्ष्म केश मेंदूला वळणाची वर्दी देतात. कलण्याची आणि हिसक्यांची वर्दी चुन्याच्या बारीक स्फटिकांनीं युक्त अशा दोन पिशव्या देतात. या इंद्रियाच्या अभ्यासाबद्दल व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बाराणी यांना १९१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां घाट पाहा. कान म्हणतो, आपण वळत आहों. पुढच्या बाकाच्या पाठीवर खिळलेला डोळा म्हणतो, सर्व कांहीं स्थिर आहे. त्या यानांत याच्या उलट होई. डोळ्यांना आपण रक्ताबरोबर दूरवर वाहात आहों असें दिसे. कानाला मात्र जागच्या जागीं बसणारे धक्केच कळत. साक्षी जुळत नाहींत, आणि पोट ढवळून येतें. ज्यांच्या दोन्ही कानांतील हें इंद्रिय पूर्ण निकामी झालेलें असतें, त्यांना गाडी लागत नाहीं कीं बोट लागत नाहीं. अर्थात् गाडी लागणें हा दुबळेपणा नसून शाबूत इंद्रियाचें लक्षण आहे.

चालकाला गाडी सहसा लागत नाहीं. कारण वळण येण्यापूर्वींच तें त्याला ठाऊक असतें. म्हणून प्रवाशानेंहि पुढें बसावें, दूरच्या डोंगराकडे पाहावें, पुस्तक व मोबाईल मिटून ठेवावे, डोकें टेकून स्थिर राखावें; बाहेर पाहतां येत नसेल तर डोळे मिटावे. औषध घ्यावयाचें तर डॉक्टरांना विचारून आणि निघण्यापूर्वीं घ्यावें.

२०२३च्या गणेशोत्सवांत कशेडीच्या नव्या बोगद्यांतून वाहनें जाऊं लागलीं. सुमारें दोन किलोमीटरांच्या या बोगद्यानें तेथील वळणांचा त्रास वांचविला आहे. परंतु पोलादपुराहून महाबळेश्वरास जाणारा आंबेनळी घाट आहेच, आणि आपल्या प्रांतांत घाटांना तोटा नाहीं. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास विशेष होतो. ओकारीच्या आणि त्याहूनहि हसण्याच्या भीतीनें एखादें मूल आजोळीं जाण्याचेंच टाळूं लागतें. अशा मुलाला पुढची जागा द्यावी. शेरा मात्र देऊं नये.