मठ्ठ कोणास म्हणावे?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



आताच आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार केला. त्यांचे यश पाहून कोणाही शिक्षकास धन्यता वाटेल. परंतु मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलांचे नाव या व्यासपीठावरून सहसा घेतले जात नाही. त्यांच्या वतीने चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

माझ्या पाचवीच्या सेमी-इंग्रजी वर्गात अशी दोन मुले होती. पहिल्यास भागाकारातील ‘रिमेंडर’ विचारला की तो खाली मान घालून उभा राही. एके दिवशी मी सहज मराठीत विचारले, “अरे, बाकी किती उरली?” त्याने तत्क्षणी अचूक उत्तर दिले. त्यास गणित येत होते. माझे शब्द कळत नव्हते. दुसरा मुलगा ऐकलेली गोष्ट बारकाव्यांसह सांगे. पण पुस्तक हाती घेतले की मराठी अक्षरांतही अडखळे. आळशी समजून मी त्यास छडी मारली. सहामाहीनंतर तो शाळेत आला नाही. वाचनाची अशी अडचण आळसामुळे नव्हे, तर अध्ययन-अक्षमतेमुळेही असू शकते, हे मला फार उशिरा कळले. त्या दोघांनाही मी एकच विशेषण लावले होते: मठ्ठ. तो अपराध माझा आहे.

भाषेची अडचण निराळी आणि अक्षमता निराळी. दोहोंचे उपायही निराळे. आपल्यापैकी काहींची नातवंडे अमेरिकेत शिकतात, म्हणून तेथील दाखला देतो. सॅनफ्रान्सिस्कोतील सुमारे 1,800 चिनी मुलांना इंग्रजी येत नसताना शाळेत कोणतेही जादा साहाय्य मिळत नव्हते. 1974 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सर्वांना तीच पुस्तके आणि तेच शिक्षक दिल्याने समान वागणूक दिली असे होत नाही. पुढील वर्षी, 1975 मध्ये, दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला. त्यान्वये अशा प्रत्येक मुलासाठी शिक्षक व पालक एकत्र बसून लेखी योजना आखतात. पालकांस इंग्रजी येत नसेल, तर दुभाषा देणे शाळेवर बंधनकारक आहे. केवळ इंग्रजी अपुरे म्हणून मुलास दिव्यांग ठरविण्यासही तो कायदा मनाई करतो. ज्यास दोन्ही अडचणी असतील, त्यास दोन्ही प्रकारचे साहाय्य मिळावयास हवे.

आपल्या देशातही मार्ग आहेत. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्यात शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या कायद्यात ते 21 झाले आणि त्यांत अध्ययन-अक्षमतेचा समावेश झाला. ती लवकरात लवकर ओळखावी, परीक्षेत जादा वेळ व लेखनिक द्यावा, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट द्यावी, अशा तरतुदी त्यात आहेत. किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलास मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

मग अडते कोठे? स्पष्ट बोलतो, राग मानू नये. पुष्कळदा आपल्याच उंबरठ्यावर अडते. प्रमाणपत्र काढले तर चारचौघांत बोभाटा होईल, पुढे धाकट्या बहिणीची सोयरीक जमणार नाही, या धास्तीने आईबाप मुलाचे वैगुण्य झाकून ठेवतात. झाकल्याने ते नाहीसे होत नाही. केवळ साहाय्याची वर्षे वाया जातात. आपली ज्ञाती लहान आहे, सर्व एकमेकांस ओळखतात. जी लाज आपणच निर्माण केली, ती आपणच दूर करू शकतो.

म्हणून माझी तीन मागणी आहेत. मूल मागे पडले तर प्रथम त्यास घरच्या भाषेत विचारून पाहावे. तेथे उत्तर आले, तर शाळेकडे भाषेसाठी साहाय्य मागावे. तेथेही अडले, तर शिकवणी बदलण्यापूर्वी डोळे व कान तपासावेत, आणि मग तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. दुसरे, मंडळाने दोन जाणत्या सभासदांवर अशा पालकांबरोबर रुग्णालयात व शाळेत जाण्याचे काम सोपवावे. एकट्या पालकाचा धीर कचेरीच्या दारात खचतो. तिसरे, पुढील वर्षीच्या गुणगौरवात टक्क्यांची अट न घालता, लेखनिकाच्या साहाय्याने उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यासही या व्यासपीठावर बोलवावे. टाळ्या मात्र तेवढ्याच मोठ्या वाजवाव्यात.

शाळा सोडून गेलेल्या त्या मुलाची मला आता क्षमा मागता येत नाही. आपल्या घरांतील एखादे मूल त्या वाटेने जाण्यापासून थांबले, तरी माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.