केस पेपर मागून घ्या



नालासोपारा, विरार, वसई, कुठल्याही वस्तीत शिरा, चाळीच्या तोंडाशी दवाखाना असतोच. बहुतेक डॉक्टर प्रामाणिक आहेत, रात्री-अपरात्री दार उघडतात. पण बोगस डॉक्टर पकडल्याची बातमीही आपल्याकडे अधूनमधून येते. म्हणून पाटीवरचा नोंदणी क्रमांक आधी वाचा. तो दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असलाच पाहिजे, असा नियम आहे.

नोंदणी खरी असली तरी हलगर्जी होऊ शकते. मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. लाकडी पट्ट्या बांधून घरच्यांनी त्याला टॅक्सीने पुण्याला नेले. तिथे भूल न देता, जोर लावून हाड ओढले, वर प्लास्टर चढवले. त्याच रात्री तो गेला. वडील कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला 1968 उजाडले आणि भरपाई मिळाली 3,000 रुपये. रक्कम तोकडीच. पण रुग्ण हाती घ्यायचा की नाही, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, हे त्या निकालाने पक्के झाले. रुग्ण दगावला म्हणजे डॉक्टर दोषी, असे मात्र नव्हे.

सिस्टरांच्या बाबतीत तर आपण फार घाई करतो. चुकीचे इंजेक्शन दिले गेले, तर तक्रार महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे जरूर करा. पण अख्खा वॉर्ड एकटीच्या अंगावर टाकणाऱ्या व्यवस्थापनालाही जाब विचारा. माझ्या मते मोठा दोष तिथेच असतो.

संशय आला की काही जण काचा फोडतात. 2010 च्या राज्य कायद्याने तो गुन्हा आहे, आणि त्या गोंधळात मूळ तक्रार बाजूला पडते. त्यापेक्षा त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन केस पेपर मागा. मागणीनंतर 72 तासांत नोंदी द्याव्यात, असे 2002 चे नियम डॉक्टरांना सांगतात. गोपनीयतेचे कारण सांगून रुग्णाला त्या नाकारता येत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्येच म्हटले आहे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे, भरपाईसाठी ग्राहक आयोग. बोगस असेल तर थेट पोलीस आणि महापालिका.

अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, आणि दाखल रुग्णाच्या नोंदी तीनच वर्षे जपण्याचे बंधन आहे, तेव्हा उशीर करू नका.