ऐकलें, पण समजलें काय?

'ध' चा 'मा' करणें हा वाक्प्रचार मराठी घरांत सर्वांच्या परिचयाचा आहे. इ. स. १७७३ मध्यें शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला, तेव्हां 'धरावें' या आज्ञेंतील एक अक्षर पालटून 'मारावें' असें करण्यांत आलें, अशी आख्यायिका आहे. तेथें अक्षर पालटणारा हात कपटाचा होता, असें मानलें जातें. परंतु कोणाच्याही मनांत कपट नसतां, बोलणारा आणि ऐकणारा दोघेही आपापल्या कामांत निष्णात असतां, केवळ ध्वनीच्या वाटेवर अर्थ पालटला तर काय होतें, हें विमानवाहतुकीच्या इतिहासानें दाखवून दिलें आहे.

विमानांतील वैमानिक आणि विमानतळाच्या मनोऱ्यांतील नियंत्रक यांना परस्परांचा चेहरा दिसत नाहीं. त्यांच्यामधील मुख्य दुवा म्हणजे रेडिओवरील आवाज. एकाच लहरीवर अनेक विमानें ऐकत असतात. मात्र एका वेळीं एकानेंच बोलावयाचें असतें. दोघांनीं एकदम बोलण्याची कळ दाबली, तर शब्दांऐवजीं कर्कश शीळ तेवढी ऐकूं येते. जुन्या रेडिओची कळ फिरवितांना दोन केंद्रांच्या मध्यें जी शीळ घुमत असे, ती ज्या श्रोत्यांना आठवत असेल त्यांना याची कल्पना सहज येईल.

अशी एक शीळ ता. २७ मार्च १९७७ रोजीं स्पेनच्या कॅनरी द्वीपसमूहांत उमटली. ग्रान कनारिया बेटावरील विमानतळावर बाँबस्फोट झाल्यामुळें अनेक विमानें शेजारच्या टेनेरीफ बेटावरील लॉस रोदेओस या लहान विमानतळाकडे वळविण्यांत आलीं होतीं. त्या गर्दीनें बाजूचा मार्ग अडला, म्हणून विमानांना धांवपट्टीवरूनच चालत जाऊन तिचें टोंक गांठावें लागत होतें. समुद्रसपाटीपासून सहाशें मीटरांहून अधिक उंचीवरील त्या जागीं ढग उतरले. के. एल. एम. या डच कंपनीचें बोइंग ७४७ पट्टीच्या टोंकाशीं वळून उड्डाणासाठीं सज्ज झालें. पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचें दुसरें ७४७ त्याच पट्टीवरून त्याच्याच दिशेनें येत होतें. तीं परस्परांना दिसत नव्हतीं, नियंत्रकालाही दिसत नव्हतीं. आणि जमिनीवरील हालचाल दाखविणारें रडार तेथें नव्हतें.

डच सहवैमानिकानें अनुज्ञा मागितली. उड्डाण झाल्यावर कोणत्या मार्गानें जावयाचें, तें नियंत्रकानें सांगितलें. ही मार्गाची अनुज्ञा होती, उड्डाणाची नव्हे. परंतु तिच्यांत 'टेक-ऑफ' हा शब्द येऊन गेला होता. सहवैमानिकानें मार्ग परत म्हणून दाखविला आणि शेवटीं, आपण आतां टेक-ऑफला आहों, अशा अर्थाचें एक संदिग्ध इंग्रजी वाक्य जोडलें. विमान धांवूं लागलें होतें. नियंत्रकाची समजूत अशी कीं, तें टोंकाला उभेंच आहे. तो 'ओके' म्हणाला, आणि क्षणभरानें, टेक-ऑफसाठीं थांबा, मी बोलावीन, असें सांगूं लागला. त्याच क्षणीं पॅन ॲमच्या विमानांतून, आम्ही अजून पट्टीवरच आहोंत, असा आवाज निघाला. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले. डच विमानांत 'ओके' स्पष्ट पोंचला; पुढील इशारे शिळेनें झांकले गेले.

त्यानंतरही एक संधि आली होती. पट्टी मोकळी झाली कीं कळवूं, असें पॅन ॲमचें उत्तर डच विमानांत ऐकूं आलें. तेथील अभियंत्याच्या मनांत शंका आली आणि, तें विमान बाहेर पडलें नाहीं काय, असें त्यानें विचारलें. कप्तानानें ठासून सांगितलें कीं, पडलें आहे. कांहीं सेकंदांतच टक्कर झाली. डच विमानांतील २४८ जणांपैकीं एकही वांचला नाहीं. अमेरिकन विमानांतील ३९६ पैकीं ६१ वांचले. एकूण ५८३ माणसें मरण पावलीं.

कप्तानानें अनुज्ञेवांचून उड्डाण केलें, हें स्पॅनिश चौकशीनें मूळ कारण मानलें. डच बाजूनें परस्पर गैरसमजावर अधिक भर दिला. दोषाची वांटणी कशीही होवो, एक गोष्ट मात्र उघड आहे. 'ओके' या शब्दांत होकार नव्हता आणि नकारही नव्हता. बोलणाऱ्यानें तो सहज उच्चारला आणि निघण्यास उतावीळ झालेल्या कानांनीं त्यांत आपल्याला हवा तो अर्थ भरला.

या अपघातानंतर भाषेला कडक शिस्त लागली. 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची अनुज्ञा देतांना किंवा ती रद्द करितांनाच उच्चारावयाचा. एरव्हीं 'डिपार्चर' म्हणावयाचें. महत्त्वाची सूचना वैमानिकानें परत म्हणून दाखवावयाची. नुसतें 'रॉजर' चालत नाहीं. आणि नियंत्रकानेंही तें म्हणणें लक्षपूर्वक ऐकून चूक असल्यास तत्काळ दुरुस्त करावयाची.

परंतु नेमका शब्द ठरविला तरी तो उच्चारावा लागतोच. ता. २५ जानेवारी १९९० रोजीं कोलंबियाहून न्यू यॉर्कला निघालेल्या आव्हियांका कंपनीच्या बोइंग ७०७ ला खराब हवेमुळें तासाहून अधिक काळ आकाशांत घिरट्या घालाव्या लागल्या. इंधन संपत आलें. सहवैमानिकानें प्राधान्य मागितलें, इंधन संपत असल्याचेंही सांगितलें. पण कप्तानानें स्वतः सांगूनही 'इमर्जन्सी' हा एक शब्द त्यानें नियंत्रकाला ऐकविला नाहीं. त्या शब्दावांचून धोक्याची खरी तीव्रता मनोऱ्यापर्यंत पोंचली नाहीं. चारही एंजिनें बंद पडून विमान लाँग आयलंडवर कोसळलें आणि १५८ पैकीं ७३ जण मेले.

ता. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं दिल्लीजवळ चरखी दादरी येथें याहून निराळा प्रकार घडला. दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला १४,००० फुटांपर्यंत चढण्याची, तर उतरत असलेल्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्याची सूचना होती. कझाक विमानांत नियंत्रकाशीं बोलण्याचें काम रेडिओ-चालकाकडे होतें, आणि इंग्रजी कच्चें असलेले वैमानिक सर्वस्वीं त्याच्यावर विसंबून होते. आज्ञा त्याच्या कानापर्यंत आली. सुकाणूवरील हातापर्यंत आली नाहीं. विमान ठरलेल्या उंचीखालीं उतरलें, आणि दोन्ही विमानांतील ३४९ माणसें गेलीं.

मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकांना व त्यांच्याशीं बोलणाऱ्या नियंत्रकांना भाषेची परीक्षा द्यावी लागते. सहांपैकीं किमान चौथी पायरी गांठावी लागते. तेथें उच्चारांतील साहेबी डौल तपासला जात नाहीं. बोललेलें समजतें काय, आणि न समजल्यास निःसंकोच विचारतां येतें काय, हें पाहिलें जातें.

घरोघरीं वडीलधारीं माणसें निरोप सांगतात आणि 'कळलें ना?' असें विचारतात. समोरून 'हो' येतें, आणि विषय तेथेंच संपतो. तोच निरोप पुन्हा म्हणावयास लावणें अनेकांना अपमानाचें वाटतें. पण आकाशांत शेंकडों प्रवासी घेऊन जाणारा अनुभवी वैमानिक सांगितलेला आंकडा शाळकरी मुलाप्रमाणें परत म्हणून दाखवितो, आणि त्यांत त्याला कमीपणा वाटत नाहीं. टेनेरीफच्या धुक्यांत अभियंत्यानें विचारलेल्या त्या एका प्रश्नावर क्षणभर थांबून नियंत्रकाला पुन्हा विचारलें असतें, तर त्यास कांहीं सेकंद पुरले असते.