द्राक्षबागेवरचा ड्रोन आणि आपली पऱ्हाटी

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस-ज्वारीच्या मेळाव्यात द्राक्षाचे काय काम, असे तुम्ही विचाराल. काम आहे. नाशिककडे निफाड-दिंडोरीच्या बागांवर जे यंत्र फिरते, ते आपल्याही गावात विकायला येणार. ते घ्यायचे की नाही, हे विकणाऱ्याचे ऐकून ठरवायचे का, एवढाच आजचा प्रश्न.

आधी द्राक्षवाल्याचे दुखणे समजून घेऊ. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी झाली की त्याला कोरडी हवा लागते. नेमका तेव्हाच आता पाऊस येतो. 26 नोव्हेंबर 2023 रोजी अवकाळी पाऊस आणि गारांनी निफाड भागातल्या बागा झोडपल्या. 2025 साली पाऊस मे महिन्यातच लागला. खरडछाटणीनंतर काडीत घड तयार व्हायला ऊन लागते, ते मिळाले नाही. पान सतत ओले राहिले की डावणी पसरते आणि आठवडाभराचा उशीरही महागात पडतो.

मग ड्रोन काय करतो? निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. पान आजारले की हे प्रमाण बिघडते. ड्रोनवरचा खास कॅमेरा ते टिपतो आणि बागेचा नकाशा काढतो. पान पिवळे दिसण्याआधीही कधीकधी नकाशात डाग दिसतो. सगळी बाग पालथी घालण्याऐवजी मालक थेट त्या ओळीत जातो. हा फायदा खरा आहे.

पण नकाशा 'कुठे' ते सांगतो, 'का' ते सांगत नाही. ठिबकची नळी चोंदली, नत्र कमी पडले, मूळ सडले, तरी डाग तसाच. डावणीची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या अंगाला, घड मांडवाखाली, आणि ड्रोन वर! शेवटी पान उलटून पाहायला माणूसच लागतो.

आता आपल्या शिवाराकडे वळू. पऱ्हाटी लाल पडली हे ड्रोन दाखवील. मॅग्नेशियम कमी आहे, पाणी साचले आहे की तुडतुडे आहेत, हे तो सांगणार नाही. गुलाबी बोंडअळी तर बोंडाच्या आत असते. 2017 साली तिने कापूस खाल्ला, तेव्हा वरून पीक हिरवेच दिसत होते. तिला पकडायला हेक्टरी 5 कामगंध सापळे लावा. सापळ्यात रोज 8 पतंग, असे सलग 3 रात्री आले की उपाय सुरू करा.

याचा अर्थ आम्ही यंत्राच्या विरोधात आहोत असा नाही. त्याच 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. विषाच्या फवाऱ्यातून माणूस बाहेर काढणारे यंत्र आम्हाला हवेच आहे.

प्रश्न हिशेबाचा आहे. द्राक्षाच्या एकरी खर्चाचा आकडा लाखांत जातो, तिथे नकाशाचा खर्च पचतो. कोरडवाहू एकराला तो एकट्याने पचणार नाही. सरकारच्या ड्रोन दीदी योजनेत 15,000 महिला गटांना 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख रुपये मदत ठरली. उरलेली रक्कम गटाने उभी करायची, म्हणजे बहुधा कर्जच. यंत्राला वर्षभर काम मिळाले नाही तर हप्ता कशातून फेडणार?

म्हणून तीन गोष्टी गाठीला बांधा. एक, एकट्याने कर्ज काढून ड्रोन घेऊ नका. गावाने मिळून भाड्याने बोलवा, सगळे शिवार एकदम पाहून घ्या. दोन, नकाशा आणि फोटो शेतकऱ्याच्या मालकीचे, हे आधी लिहून घ्या. गारपिटीनंतर पंचनाम्याला कोणी आले, तर तारखेसह चित्र आपल्या हातात हवे. तीन, ड्रोन आला म्हणून शेतातली फेरी बंद करू नका.

आणि एक विसरू नका. 19 ऑगस्ट 2025 पासून त्या वर्षअखेरपर्यंत सरकारने कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क उठवले. ते कुठल्याही कॅमेऱ्यात दिसले नाही. पानाचा रोग ड्रोन दाखवील, भावाचा रोग आपल्यालाच ओळखावा लागेल आणि त्यावरचा इलाज एकजुटीनेच करावा लागेल.