परवान्यांतील तिसरा पक्ष



भंडारा जिल्हा हा धानाचा जिल्हा. वैनगंगेच्या खोऱ्यांत आणि ठिकठिकाणच्या तलावांच्या आश्रयानें पिकलेलें धान तुमसरसारख्या बाजारपेठांत येतें व तेथून गिरण्यांत जातें. शेतकरी, हमाल, व्यापारी अशा कित्येकांचे संसार या धंद्यावर चालतात. परंतु गिरणींतून केवळ तांदूळच बाहेर पडत नाहीं. धानाच्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्सा तूस असतें. तें भट्टींत जाळलें म्हणजे त्याचाहि जवळजवळ पांचवा भाग राख होऊन उरतो. उसना तांदूळ करावयाचा तर धान भिजवावें व वाफवावें लागतें आणि तें आंबूस वासाचें पाणी कोठें तरी सोडावें लागतें. तांदूळ दूरच्या गिऱ्हाइकाकडे जातो. राख, पाणी आणि यंत्रांची घरघर मात्र शेजाऱ्यापाशींच राहते.

म्हणूनच धंद्याला नुसती जागा पुरत नाहीं, परवानगी लागते. परवानगीचा कागद पाहिला तर त्यांत दोनच पक्ष दिसतात: मागणारा मालक आणि देणारी नगरपरिषद. वस्तुतः त्यांत एक तिसराहि पक्ष असतो, तो म्हणजे शेजारी. त्याची सही कोठेंच नसते. पण कागदावरील जवळजवळ प्रत्येक अट त्याच्यासाठींच घातलेली असते. परवानगीच्या भंगाची चौकशी करतांना या तिसऱ्या पक्षाचा विसर पडूं नये, हेंच आजच्या भाषणाचें सार आहे.

शहराच्या जमिनीचे उपयोग आधींच ठरवून ठेवावे, हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा १९१५ सालीं झाला. आज सबंध महाराष्ट्रांत १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम लागू आहे. त्याअन्वयें विकास योजनेंत वस्तीची जागा कोणती, व्यापाराची कोणती, कारखान्यांची कोणती हें दाखविलें जातें. यावर कोणी म्हणेल, "जागा माझी, मग बंधन कशाचें?" हाच प्रश्न अमेरिकेंत ओहायो राज्यांतील युक्लिड नांवाच्या गांवीं निघाला होता. ६८ एकर जमिनीच्या मालक कंपनीनें गांवाच्या विभागणीस हरकत घेतली. परंतु १९२६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ती विभागणी वैध ठरविली. धान मळण्याचें खळें शेतांत शोभतें, माजघरांत शोभत नाहीं. दोष खळ्याचा नसतो, जागेचा असतो.

आतां समजा, एखाद्या गिरणीस केवळ दिवसा धान भरडण्याची परवानगी आहे. हंगामांत माल वाढला, मालकानें मागील अंगणांत वाफवण्याची टाकी व शेड उभी केली आणि गिरणी रात्रींहि चालूं लागली. तक्रार झाली. अशा वेळीं अटींविरुद्ध झालेलें काम पूर्ववत् करण्याची नोटीस कलम ५३ प्रमाणें देतां येते. हाच कायदा मालकालाहि संधि देतो: नोटिशीच्या मुदतींत तो तें काम कायम ठेवण्याची परवानगी मागूं शकतो, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. पाणी व धूर यांसाठीं प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमति लागते, ती वेगळीच.

सुनावणींत मालक सांगतो कीं हंगाम थोडे दिवसांचा आहे, मजुरांचें पोट आहे, पैसा गुंतला आहे. हें सर्व खरें असूं शकतें. कधीं याहूनहि सबळ गोष्ट पुढें येते: गिरणी आधींची असते आणि घरें मागाहून तिच्याभोंवतीं आलेलीं असतात. अशा जुन्या, कायदेशीर वापराला कायदा अपराध मानीत नाहीं. नियोजनासाठीं तो बंद करावयाचा झाल्यास कलम ५६ मध्यें नुकसानभरपाईची तरतूद आहे. म्हणून पहिली गिरणी आणि मागाहून अटींबाहेर उभारलेली टाकी यांचा विचार वेगवेगळा झाला पाहिजे. एकाच्या आडून दुसरीला अभय मिळतां कामा नये.

आणि शेजाऱ्याला बोलण्याचा अधिकार तरी आहे काय? आहे. कर्नाटकांतील उडुपी येथें मंगल कार्यालय व व्याख्यानगृह म्हणून मंजूर झालेल्या इमारतीचें चित्रपटगृह करण्यास नगरपालिकेनें संमति दिली. नगररचना योजनेप्रमाणें त्या वस्तींत चित्रपटगृहास मनाई होती. एक रहिवासी न्यायालयांत गेला. १९७४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती संमति बेकायदा ठरविली, आणि अशा बांधकामानें वस्तींतील लोकांच्या मिळकतीच्या उपभोगास बाध येतो हें मान्य केलें. नगरपालिकेनें योजनेबाहेर होकार दिला तरी तो होकार टिकत नाहीं, हाहि त्यांतील बोध आहे.

दुसरा बोध मुंबईचा. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतींत विकासकांना पांच मजल्यांची परवानगी होती. एक इमारत वीस मजल्यांपर्यंत चढली. काम थांबविण्याची नोटीस १९८४ सालींच निघाली होती. तरी काम चालूं राहिलें, घरें विकलीं गेलीं, माणसें राहावयास आलीं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तो २७ फेब्रुवारी २०१३ रोजीं. बांधणारे तोंवर निघून गेले होते. झळ बसली ती राहणाऱ्या कुटुंबांना. नोटीस काढून स्वस्थ बसणें ही दया नव्हे. पाया खणतांना थांबविलें तर चार विटांचें नुकसान. छप्पर चढल्यावर थांबविलें तर संसाराचें.

तेव्हां निर्णय देणाऱ्यांनीं तीन गोष्टी सांभाळाव्या. जागेवर जाऊन स्वतः पाहावें, आणि शक्य तर रात्रींहि जावें. जें नियमांत बसवितां येतें त्यास मुदत द्यावी. जें बसतच नाहीं त्यास आशा लावूं नये. निकाल कारणांसह लेखी द्यावा आणि लहानमोठ्या सर्वांस एकच माप लावावें. दंड ही अट मोडण्याची शिक्षा आहे, ती अट विकत घेण्याची किंमत नव्हे.

गिरणी चालावी, तिच्यावांचून धानाला मोल नाहीं. पण तिच्या भिंतीपलीकडे कोणाचें तान्हें मूल झोपलेलें असतें. परवान्यावर त्याचें नांव नसलें, तरी त्याची झोंप हीहि त्या परवान्यांतील एक अटच आहे.